ताट माझं, भूक तिची

लहान मूल असलेल्या घरात कुणी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "जेवते का गं नीट?" बोलायला लागली का, झोपते का, कशाशी खेळते, हे सगळं त्यानंतर. "हो, जेवते की" म्हणता आलं तर आईला शाबासकी. "नाही हो, काहीच खात नाही" म्हटलं की सल्ले सुरू. गोष्ट सांगत भरव, भाजी भातात दडवून दे, मोबाईल लाव म्हणजे किती खाल्लं ते तिला कळतच नाही. सल्ला देणाऱ्यांचा मुलावर जीव असतो, यात शंका नाही. पण या सगळ्या सल्ल्यांमागे एकच समजूत आहे, की मुलाच्या पोटात किती जायला हवं हे मोठ्यांना बाहेरून कळतं. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि जेवणाच्या वेळी घरोघरी जी रडारड चालते तिचं मूळही मला तिथेच दिसतं.

आधी भुकेचं बघू. जन्मल्यापासून वर्षभरात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. ३ किलोचं बाळ ९ किलोंच्या आसपास जातं, म्हणजे एका वर्षात ६ किलोंची भर. दुसऱ्या वर्षात ही भर अडीच किलोंच्या आसपास येते आणि त्यानंतर आणखी कमी होते. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते. "वर्षाची होईपर्यंत किती छान खायची, आता काय झालं कुणास ठाऊक," असं कितीतरी आया म्हणतात. बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. शरीराला लागतं तेवढंच ते मागत असतं. शिवाय नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला एका जागी बसून राहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची कामं असतात.

मग दोन वर्षांच्या आसपास तोंड फिरवणं सुरू होतं. कालपरवापर्यंत मिटक्या मारत खाल्लेलं गाजर आज नको. बटाटा हवा, पण त्याला काही लागलेलं नको. भातात हिरवा ठिपका दिसला की सगळं ताटच बाटलं. नवीन किंवा अनोळखी अन्नाची ही भीती २ ते ६ वर्षं या वयात सर्वांत तीव्र असते आणि पुढे हळूहळू ओसरते. तिचं एक स्पष्टीकरण मला फार पटतं. मांडीवरचं बाळ आई देईल तेच खातं, त्यामुळे त्याला संशयी असायची गरज नसते. पण स्वतःच्या पायांनी हिंडायला लागलेलं मूल दिसेल ते पान, फळ, बी तोंडात घालू शकतं. माणूस रानावनात राहायचा तेव्हा अनोळखी वस्तूला आणि कडू चवीला "नको" म्हणणारं मूल विषबाधेपासून वाचायची शक्यता जास्त. म्हणजे आपल्याला ज्याचा इतका त्रास होतो, त्या हट्टाने कधीकाळी मुलांना जगवलं असणार.

कडू चवीचं तर आणखी खोल आहे. जिभेवरची कडू चव ओळखणारी एक यंत्रणा टीएएस२आर३८ नावाच्या जनुकावर अवलंबून असते, आणि हे जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. काहींना कोबी-ब्रोकोलीच्या जातीच्या भाज्यांतला कडवटपणा ठळक जाणवतो, काहींना जेमतेम. म्हणजे एकाच भांड्यातली भाजी ताटात आली तरी दोघांच्या जिभेवर ती वेगळी असते. "त्यात काय कडू आहे? मी खातेय ना!" हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. त्याच्या तोंडात काय चाललंय ते मला कळणं शक्यच नाही.

ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ८ ते ११ वर्षांच्या पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्या त्यात होत्या. नवीन पदार्थ नाकारण्याच्या प्रवृत्तीत मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिक असल्याचा अंदाज त्यातून निघाला. मला हा आकडा प्रत्येक आईच्या कानावर घालावासा वाटतो. माझी लेक आणि माझा भाचा यांच्यात वर्षभराचंही अंतर नाही. भाच्यासमोर काहीही ठेवा, तो आधी तोंडात घालतो आणि मग बघतो. लेक आधी बघते, मग बराच वेळ बघते, आणि मग ताट पुढे सारते. माझ्या भावजयीला लोक "काय छान सवय लावलीस" म्हणतात आणि मला "जरा कडक राहा" म्हणतात. दोन्ही वाक्यं तितकीच निराधार आहेत. आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, असाही त्याचा अर्थ नाही. पण सुरुवात कुठून होते हे मुलाच्या हातात नाही आणि आईच्याही नाही.

बदल कसा होतो, ते मात्र ताटाशेजारी शांत बसलं तरच दिसतं. एकदा लेकीच्या ताटात भाताच्या बाजूला उकडलेले वाटाणे होते. तिने एक वाटाणा दोन बोटांत धरला आणि दाबला. सालीतून आतला दाणा सटकन बाहेर आला आणि त्याचे दोन भाग झाले. ते दोन्ही भाग तिने सपाट बाजू खाली करून ताटात शेजारी शेजारी ठेवले. साल बोटाला चिकटली होती. ती तिने जिभेच्या टोकाने चाटली, कपाळाला आठ्या घातल्या, साल ताटाच्या कडेला पुसली आणि बोट नाकाशी नेऊन हुंगलं. मग दुसरा वाटाणा घेतला. असं किती वेळ चाललं होतं! पोटात त्यातला एकही दाणा गेला नाही. पण तिने त्या वाटाण्याची साल कशी आहे, आत काय आहे, वास कसा येतो, जिभेला काय लागतं, याची कसून तपासणी केली. "खेळू नकोस, खा" म्हणून कुणी तिचा हात बाजूला केला असता, तर ती तपासणी अर्धवट राहिली असती आणि वाटाणा अनोळखीच राहिला असता. आता ती वाटाणे खाते. साल काढून, दोन भाग करून, एकेक. वेळ लागतो, लागू दे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीअॅन बर्च यांनी मुलांच्या खाण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. एखादी चव मुलाच्या पसंतीस उतरायला तिच्याशी पुन्हा पुन्हा गाठ पडावी लागते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. साधारण ८ ते १५ वेळा असं म्हटलं जातं, काहींना त्याहून जास्त. यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. नुसतं डोळ्यांनी बघून चव आवडायला लागत नाही, ती जिभेला लागावी लागते. पण पोटात जायलाच हवी असं नाही. म्हणून मी एका गोष्टीबद्दल ठाम आहे: तोंडात घातलेला घास बाहेर काढून ठेवायची मुभा मुलाला हवी. शेजारी एक लहान वाटी किंवा कागद ठेवायचा. "नको वाटलं तर यात काढून ठेव" एवढं सांगायचं. ज्या घासातून सुटका नाही तो घास मूल तोंडाजवळसुद्धा येऊ देत नाही. परतीची वाट मोकळी आहे हे कळलं की चाखून बघायची हिंमत होते. मोठ्यांना हे किळसवाणं वाटतं, ते मला समजतं. तरी सांगते, मोठ्यांनी डोळे वटारल्याने जेवढ्या चवी कायमच्या तुटल्या असतील तेवढ्या दुसऱ्या कशाने तुटल्या नसतील.

आग्रहाचा परिणाम उलटा होतो, हे तर तपासून बघितलेलं आहे. बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं. एक पिताना "सूप संपव" असं सांगितलं जायचं, दुसरं पिताना कुणी काही बोलत नव्हतं. जिथे आग्रह होता तिथे मुलं कमी प्यायली आणि सुपाबद्दल वाईटसाईट कितीतरी जास्त बोलली. आमिषाचंही तेच. "भाजी संपव, मग चॉकलेट" हा सौदा केला की मुलाला दोन गोष्टी कळतात. भाजी ही भोगायची गोष्ट आहे आणि चॉकलेट ही मिळवायची. इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. नावडत्या भाजीचा एक छोटा तुकडा रोज चाखला की एक स्टिकर, असा उपाय ब्रिटनमधल्या संशोधकांनी करून बघितला आणि मुलांची त्या भाजीची आवड वाढली. पण तिथे बक्षीस खाण्याचं नव्हतं आणि मागणी फक्त चाखण्याची होती. ताट रिकामं करण्याची अट नव्हती.

या सगळ्यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली मांडणी एलिन सॅटर यांची. त्या आहारतज्ज्ञ आणि कुटुंबांचं समुपदेशन करणाऱ्या. त्यांनी जबाबदारीची सरळ वाटणी केली आहे. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने ठरवायचं. ऐकायला सोपं आहे. पाळायला अवघड, कारण आपण दोन्ही बाजूंनी सीमा ओलांडतो. मुलाच्या वाट्याचं "किती" आपण हिसकावून घेतो, आणि आपल्या वाट्याचं "काय" मात्र मूल रडलं की त्याच्या हवाली करतो. ताटातलं नको म्हटलं की धावत जाऊन बिस्किटाचा पुडा आणतो. मग मूल बिस्किटावर वाढतं आणि आपण म्हणतो, हिला जेवणच जात नाही.

मुलाच्या हाती "किती" सोपवलं तर ते उपाशी राहील, ही भीती मी समजू शकते. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९२६ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या, दुसरं काहीही न चाखलेल्या बाळांना त्यांनी स्वतःचं जेवण स्वतः निवडू दिलं. एकूण १५ मुलं, त्यातली काही चार वर्षांहून जास्त काळ. एकूण ३४ साधे पदार्थ ठरवलेले होते. धान्यं, भाज्या, फळं, अंडी, मांस, मासे, दूध असे. त्यातले बरेचसे दर जेवणाला वेगवेगळ्या वाट्यांत समोर यायचे, काहीही एकत्र न कालवता. परिचारिकेने हातात चमचा घेऊन शेजारी गप्प बसायचं. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच त्यातला चमचा भरायचा, आणि तोंड उघडलं तरच भरवायचा. हे खा, ते घे, छान, अरेरे, काही म्हणायचं नाही. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मुलांची जेवणं बघून कुणाही आजीला घेरी आली असती. संत्र्याचा भरपूर रस आणि कलेजी असा एखाद्याचा नाश्ता, तर अंडी, केळी आणि दूध असं एखाद्याचं रात्रीचं जेवण. पण मुलं धडधाकट वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यासमोर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची वाटीही ठेवलेली असायची. हाडं सुधारेपर्यंत ते बाळ मनाला येईल तसं ते तेल पीत राहिलं, आणि बरं झाल्यावर त्याने ते सोडून दिलं.

या प्रयोगाचा अर्थ "मुलांना हवं ते खाऊ द्या" असा लावणारे लोक आहेत. डेव्हिस यांनी स्वतःच त्याचा इन्कार केला होता. सगळी गोम पदार्थांच्या यादीत आहे, असं त्यांनी १९३९ साली लिहिलं. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, तयार खाऊ नव्हता. मुलांनी काहीही निवडलं तरी वाईट निवडच होऊ शकत नव्हती. काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते मुलांनी.

बर्च यांनी १९९१ साली याचीच दुसरी बाजू मोजून दाखवली. २ ते ५ वर्षांच्या १५ मुलांनी सहा दिवस काय काय आणि किती खाल्लं, याची काटेकोर नोंद त्यांच्या चमूने ठेवली. एकेका जेवणात मुलं कधी भरपूर, कधी जेमतेम खायची. पण दिवसभराची बेरीज केली तर ती बरीचशी सारखी यायची. दुपारी दोन घास खाऊन उठलेलं मूल पुढे कधीतरी ते भरून काढतं. म्हणून एका जेवणावरून मुलाच्या खाण्याचा निकाल लावू नये. आठवडाभराचं चित्र बघावं.

आमच्याकडे यावरून माझ्या आईशी बोलणं होतंच. "अगं, दोनच घास खाल्लेत तिने. रात्री भुकेने उठेल ना पोर," आई म्हणते. मी म्हणते, "उठली तर उठू दे आई. सकाळी पोटभर खाईल." आईला ते पटत नाही. तिच्या पिढीने अन्नाची ओढाताण बघितली आहे, आणि ताटात टाकलेलं तिला बघवत नाही. हे दुःख खरं आहे. त्यावर वाद घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही, पण एक उपाय दोघींनाही चालतो. वाढायचंच कमी. वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, अशी एक ढोबळ मोजणी आहे. तीन वर्षांच्या मुलाला भात तीन चमचे, भाजी तीन चमचे. नवीन काही असेल तर त्याचा एकच तुकडा. हवं असेल तर मूल मागतं, आणि मागून घेतलेला घास अंगी लागतो. एवढंसं ताट बघून मुलाची छातीही दडपत नाही.

आता दूध. "जेवली नाही, निदान दूध तरी प्यायली" हे समाधान फार महागात पडतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाने दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध प्यायलं तर पोट त्यातच भरतं आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. लोह कमी पडलं की भूक मरते. भूक मेली की जेवण कमी, आणि जेवण कमी म्हणून आणखी दूध. हे चक्र दूध कमी केल्याशिवाय तुटत नाही. बद्धकोष्ठ हेही न जेवण्याचं एक सहज नजरेतून सुटणारं कारण. आणि मागे धावून भरवणं तर थांबवाच. धावणाऱ्या, रडणाऱ्या, हसणाऱ्या मुलाच्या तोंडातला घास श्वासनलिकेत अडकू शकतो. या वयात अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणे द्यायचे नसतात तेही याचसाठी. मोबाईलसमोर भरवलेल्या मुलाचं पोट भरतं, पण ते भरल्याचं त्याला कळत नाही. आपल्याला जे शिकवायचं आहे नेमकं तेच त्यातून पुसलं जातं.

सगळंच "होईल ठीक" म्हणून सोडून द्यायचं नाही. वजन वाढायचं थांबलं किंवा उतरलं, गिळताना ठसका लागतो, घास बघूनच ओकारी येते, पदार्थांची यादी महिनोन्महिने आखूडच होत चालली आहे, भाज्या, फळं, प्रथिनं यातला एखादा प्रकारच पूर्ण बंद झाला आहे, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, थोडक्यात आर्फिड, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार, हा आजार म्हणून २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानसूचीत आला. स्वमग्न मुलांमध्ये स्पर्श, वास, पोत यांचा त्रास फार तीव्र असू शकतो. अशा आईवडिलांना "भूक लागली की खाईल" हे ऐकवणं क्रूरपणाचं आहे, कारण ही मुलं खरोखर उपाशी राहतात. डॉक्टरांकडे गेल्यावर तिथेही "लाड कमी करा" एवढंच ऐकायला मिळालं तर दुसरे डॉक्टर गाठायला संकोच करू नये.

बाकीच्या, म्हणजे बहुतेक घरांत खरा कस लागतो तो जेवणानंतर अर्ध्या तासाने. ताट पुढे सारून उठलेलं मूल येऊन म्हणतं, "मला भूक लागली." या क्षणी दोन मोह होतात. एक, "बघ, मी सांगत होते ना" म्हणून बोलून घेण्याचा. दुसरा, कळवळून काहीतरी आवडीचं हातात देण्याचा. दोन्ही टाळायचे. लहान मुलाचं पोट लहान असतं, त्याला दर अडीच-तीन तासांनी खायला लागतं, हे धरून मधल्या खाण्याची वेळ आधीच ठरलेली असली की उत्तर सोपं होतं. "हो का? आपलं फळं खायचं आता थोड्याच वेळात आहे. तोवर पाणी देऊ?" सुरुवातीला मूल रडतं. जोरात रडतं. तेव्हा त्याला जवळ घ्यायचं, कारण जवळ घेण्यावर काही अट नाही. पण खाण्याची वेळ हलवायची नाही. वेळ झाली की फळाची बशी पुढे ठेवायची, मघाच्या जेवणाचा विषय काढायचा नाही, आणि त्यातलं किती खायचं ते पुन्हा त्याच्यावर सोपवायचं.